गिमलीचा व्हायकिंग आणि जॉन रॅमसे

शनिवार, रात्री

आईला आज कॅनडातलं गिमली गाव दाखवून आणलं. विनिपेगपासून नव्वदेक किलोमीटर, रस्ता सरळसोट, वाटेत बघण्यासारखं काही नाही. पण लेक विनिपेग समोर आला तशी आई म्हणाली, "याला तळं म्हणता तुम्ही?" २४,५०० चौरस किलोमीटरच्या पाण्याला दुसरं काय म्हणणार, मलाही सुचलं नाही.

काठावरच्या व्हायकिंगच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी ही गर्दी. १९६७ साली आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याचं अनावरण केलं होतं. मला हा पुतळा पटत नाही. १८७५च्या ऑक्टोबरात इथे जवळच, विलो पॉइंटला, आइसलँडची जी माणसं उतरली ती काही लुटारू दर्यावर्दी नव्हती. मेंढ्या पाळणारी, मासे धरणारी, कर्जाला आणि थंडीला कंटाळलेली साधी कुटुंबं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे आइसलँडमध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटला आणि पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली. ही कुटुंबं इथे आली ती ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, आणि बर्फाला भोक पाडून खाली जाळं कसं सोडायचं हेही ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. शंभरेक आइसलँडिक माणसं गेली, बरीचशी पोरंबाळं. सँडी बारची मूळनिवासी वस्ती तर जवळजवळ पुसलीच गेली. तिथल्याच जॉन रॅमसेबद्दल वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही. ही जमीन आमची आहे, असं त्याने या आइसलँडिक लोकांना आधी ठणकावून सांगितलं होतं. मग त्यानेच शिकार करून त्यांना मांस पुरवलं. साथीत त्याची बायको बेट्सी गेली. तिच्या थडग्यासाठी त्याने संगमरवरी दगड आणवला. तो रिव्हरटनजवळ अजून आहे. आज तिकडे जायचं मनात होतं, पण आईचे गुडघे बोलायला लागले होते.

नवरा मात्र 'गिमली ग्लायडर'मध्येच रमला. १९८३ साली हवेतच इंधन संपलेलं बोइंग ७६७ इथल्या जुन्या हवाई तळावर सुखरूप उतरवलं होतं, त्याची गोष्ट त्याने आईला दोनदा ऐकवली.

आईचा जीव अडकला विनारतेर्ता या आइसलँडिक केकात. बिस्किटासारखे पातळ थर, मध्ये सुकवलेल्या प्लमचं काळपट सारण. पहिल्याच घासाला ती थबकली. "वेलची आहे गं यात!" मग चष्मा लावून थर मोजले. सात. वर आयसिंग हवं की नको यावरून इथल्या घरांत अजून भांडणं होतात, असं काउंटरवरची बाई हसत सांगत होती. आईने मान डोलावली. कटाच्या आमटीत खोबरं भाजून घालायचं की ओलं, यावर माझ्या दोन मावश्या अजून एकमेकींशी धड बोलत नाहीत.