फौजी आजोबांबद्दल लिहायचंय, माहिती कुठून आणू?

‘आजोबा गेले. फौजेत होते एवढंच ठाऊक आहे. त्यांच्यावर दोन पानं लिहायची तर सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न नेहमी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी त्यांची ट्रंक उघडा आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. भरतीची तारीख, पलटण, हुद्दा, पदकं, पेन्शनवर आल्याची तारीख त्यात मिळते. त्यांचे दोन वेगळे फौजी नंबर दिसले तर चूक समजू नका. नायब सुभेदार झाल्यावर ‘जेसी’ (JC) या अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर मिळतो. जन्मतारीख मात्र पडताळून घ्या, जुन्या काळी ती पुष्कळदा अंदाजाने लिहिली जायची. पुस्तक हरवलं असेल तर पेन्शनच्या कागदावरचा नंबर घेऊन पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावात आहे.

गोल पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. घासून चकाकवू नका, अक्षरं झिजतात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. संग्राम मेडल दिसलं की घरचे ‘1971 ला सीमेवर लढले’ असं लिहून मोकळे होतात. ते मेडल त्या काळात सेवेत असलेल्या जवळपास सगळ्यांना मिळालं. आघाडी कळते ती ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडी) किंवा ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडी) या पदकांवरून. 1965 साठी समर सेवा स्टार पाहा. न केलेला पराक्रम आजोबांच्या नावावर चढवू नका; हयात असते तर त्यांनीच तो खोडला असता.

फोटोवर तारीख नसली तर बाहीवरच्या फिती मोजा. एक म्हणजे लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. बढतीची तारीख हाताशी असली की फोटोचा काळ ठरतो. पत्रांवरचं ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ हे गाव नव्हे, फौजी टपालाचा पत्ता. ठिकाण कळू नये म्हणूनच तो असतो.

आता एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे नोकरी, उजवीकडे घर: लग्न, मुलांचे जन्म, घरातले मृत्यू. खरा लेख इथे सापडतो. मुलाच्या बारशाला बाप हजर होता का? आई गेल्याची तार त्यांना कधी पोचली? रकाने शेजारी आले की असे प्रश्न आपोआप उभे राहतात. ते आजीला विचारा, थोडे थोडे करून. ‘आजोबा कसे होते?’ विचारलंत तर ‘चांगले होते’ एवढंच मिळेल. ‘रजेवर आले की पहिल्या दिवशी काय करायचे?’ असं विचारा आणि मग मध्ये बोलू नका.

शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. पुढचं आयुष्य नोकरीपेक्षा लांब असतं, आणि लेखात नेमकं तेच एका ओळीत गुंडाळलं जातं. नातवंडांनी तर तेवढंच पाहिलेलं असतं. निम्मी जागा त्याला द्या: दुसरी नोकरी कुठली धरली, पहाटे किती वाजता उठायचे, अंथरुणाची घडी कशी घालायचे, आणि कोणत्या आठवणीशी आले की बोलायचे थांबायचे.