संघात नसलेला खेळाडू

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या हंगामात मंगळवारी दुपारी चार वाजता संघ त्या आठवड्याच्या सामन्यासाठी आपापल्या खेळाडूंची नावे जाहीर करतात, आणि पश्चिम सिडनीत जितक्या आतुरतेने या यादीची वाट पाहिली जाते तितक्या आतुरतेने सामन्याचीही पाहिली जात नसावी, असे इथे राहून मला वाटू लागले आहे. सामना ऐंशी मिनिटांत आटोपतो. यादीवरचा वाद आठवडाभर पुरतो. क्रिकेटच्या निवड समितीला नावे ठेवत लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मराठी मंडळींना तेरा जणांचा हा धसमुसळा खेळ कळायला वेळ लागला, पण हा वाद मात्र पहिल्याच दिवशी कळला.

माझे एक स्नेही, मूळचे सांगलीचे, पेनरिथ पँथर्स या क्लबाचे कट्टर पाठीराखे आहेत. पेनरिथ हे सिडनीच्या पश्चिम टोकाला, नेपियन नदीच्या काठी वसलेले उपनगर. तिथल्या मुलांच्या क्लबांचे जाळे देशातील सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक मानले जाते. सतरा, एकोणीस आणि एकवीस वर्षांखालील संघ, त्यांच्यावर राखीव संघ आणि मग मुख्य संघ, अशी ती शिडी आहे. 2019 साली या शिडीच्या वरच्या पायरीवर जरोम लुआई नावाचा, पश्चिम सिडनीतल्याच माउंट ड्रुइटचा मुलगा ताटकळत उभा होता. त्याच्या जागेवर जेम्स मलोनी खेळत होता. वय तेहतीस, पूर्वी दोन वेगवेगळ्या क्लबांना विजेतेपद मिळवून दिलेला. संघ हरत होता आणि अखेर दहाव्या क्रमांकावर राहिला. ‘अहो, या मलोनीला किती दिवस पोसणार? पोराला उतरवा म्हणावं की!’ असे आमचे स्नेही मला अशा आवाजात सांगत, जणू प्रशिक्षक आयव्हन क्लिअरी शेजारच्या खोलीतच बसले आहेत.

संघात नसलेला खेळाडू हा नेहमीच संघातल्या खेळाडूपेक्षा सरस असतो, कारण त्याच्या हातून चेंडू निसटत नाही, त्याचे टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणे, चुकत नाही आणि संघाच्या प्रत्येक पराभवानिशी त्याची उंची बोटभर वाढत जाते. त्या हंगामात लुआईची उंची बरीच वाढली. पुढच्या वर्षी मलोनी फ्रान्समधल्या क्लबाकडे गेला, लुआई कायमचा सहा नंबरची, म्हणजे मलोनीच्याच जागेची, जर्सी घालू लागला, संघाने ओळीने सतरा सामने जिंकले, अंतिम सामन्यात मेलबर्नकडून 26-20 असा निसटता पराभव पत्करला, आणि मग 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. ‘मी तेव्हाच म्हणत होतो’ हे वाक्य तेव्हापासून आमच्या स्नेह्यांच्या तोंडी कायमचे बसले आहे.

मला मात्र ते वर्ष वाया गेले असे वाटत नाही. प्रशिक्षकाला तरुणांचे वावडे असते, तर त्याच 2019 मध्ये ब्रायन टोओ, स्टीफन क्राइटन आणि लियम मार्टिन यांना पहिली संधी मिळाली नसती. प्रश्न तरुण की अनुभवी असा नसून कोणता तरुण कोणत्या जागी, असा असतो. कडेला खेळणाऱ्या विंगरची चूक बहुधा एका ट्रायवर, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळालेल्या गुणांवर, भागते; सहा नंबरचा खेळाडू गडबडला तर साऱ्या संघाचे आक्रमणच गोंधळते, कारण चेंडू कुठे न्यायचा हे बऱ्याचदा त्यालाच ठरवायचे असते. पुढच्या फळीत तर एकोणीस वर्षांच्या मुलाला शंभर-सव्वाशे किलोंच्या गड्यांना अंगावर घ्यायचे असते, आणि ते बळ यायला वर्षे लागतात. आयझेया यो 2014 मध्ये क्लिअरींच्याच हाताखाली प्रथम खेळला, सेंटरला, म्हणजे विंगरच्या आतल्या जागी, आणि कडेच्या फळीत राबला, आणि कित्येक हंगामांनंतर मधल्या लॉकच्या जागी आला तेव्हा कुठे त्याचे खरे सोने दिसले. मॅट बर्टन हा तर मुळात हाफ, म्हणजे लुआईसारखा आक्रमण आखणारा. वाट अडलेली पाहून क्लिअरींनी त्याला 2021 मध्ये सेंटरला खेळवले, आणि तो त्या वर्षीच्या सर्वोत्तम सेंटरांपैकी एक ठरला.

आता क्लिअरी आपल्याच मुलाला खेळवतात, या आरोपाविषयी. संघाचा सूत्रधार नेथन हा क्लिअरींचा मुलगा, त्यामुळे घराणेशाहीचे बोट दाखवणे सोपे. पण वडिलांना 2015 मध्ये याच क्लबाने नारळ दिला होता. नेथन 2016 मध्ये, अठराव्या वर्षी, दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली पदार्पण करून 2018 मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या संघाकडूनही खेळला, आणि वडील परत आले ते 2019 मध्ये. म्हणजे इथे मुलगाच आधी नोकरीत कायम झाला होता. हा मुद्दा मांडला की आमचे स्नेही खूश होतात, कारण क्लिअरींना बोलण्याचा हक्क फक्त आपला आहे असे त्यांचे मत आहे.

त्यांचे खरे दुःख वेगळेच आहे. प्रत्येक क्लबाला खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे जो क्लब मुले घडवतो त्यालाच ती सांभाळणे जड जाते. 2022 मध्ये पेनरिथने मुख्य, राखीव, एकवीस आणि एकोणीस वर्षांखालील अशी चारही विजेतेपदे एकाच हंगामात पटकावली, तेव्हा इतर क्लब काय करणार हे उघडच होते. बर्टन त्याआधीच बुलडॉग्ज या सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबाकडे गेला होता; त्याच्यामागोमाग फळीतला विलियामी किकाऊ आणि क्राइटनही तिकडेच गेले. 2024 च्या हंगामानंतर खुद्द लुआई वेस्ट्स टायगर्सकडे गेला. ‘आम्ही लहानाचं मोठं करायचं आणि यांनी आयतं उचलायचं!’ या एका वाक्यावर आमच्या स्नेह्यांनी मला कित्येक चहा पाजले आहेत.

लुआईची रिकामी झालेली सहा नंबरची जागा भरण्यासाठी 2025 मध्ये पेनरिथने ब्लेझ टलागी नावाचा तरुण आणला. तो तयार झाला होता शेजारच्या पॅरामॅटा क्लबात. त्याला खेळवावे की थोडे थांबवावे, यावर आमच्या स्नेह्यांचे मत ठाम होते: पोराला लगेच उतरवा. तो कोणी लहानाचा मोठा केला, हा विषय मी दोनदा काढून पाहिला. दोन्ही वेळा त्यांना चहात साखर कमी लागली.