घड्याळावर चिकटपट्टी

गेल्या श्रावणात अंजनेरीच्या पठारावर धुकं असं दाटलं होतं की आपले बूट दिसत, पुढे नुसतं पांढरं. जीपीएसच्या घड्याळात कुणीतरी आधी पळून टाकलेली वाटेची रेघ होती. तिच्यावर आपला ठिपका बसवत मी पळत होते.

"ओ ताई, तिकडं कुठं? कडा हाय ना तिकडं!"

गुराखी कुठे उभा होता ते दिसलंही नाही. थांबले. दहा-बारा पावलांवर गवत संपत होतं.

कड्याजवळ उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून येतो, ठिपका सरकतो. ज्याची रेघ घेतली त्याचंही तेच झालं असणार. म्हणजे दोघांच्या चुकांची बेरीज. भाचा म्हणतो, "मावशी, चूक घड्याळाची नाही, तू मान खाली घालून पळत होतीस." कार्टं खरं बोलतं.

इंग्लंडच्या उत्तरेत फेल रनिंग म्हणून डोंगरांवरून पळायचा खेळ आहे. तिथल्या बऱ्याच शर्यतींत आखलेली वाट नसते. अमुक शिखर गाठा, मग तमुक, मधली वाट तुमची तुम्ही शोधा. नकाशा आणि होकायंत्र बरोबर. तिथल्याच बॉब ग्रॅहॅमने १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरं केली, तेव्हा ठिपका दाखवायला कुणी नव्हतं. अशा शर्यतीत जीपीएस चालावं का, यावर तिथे वाद आहे. माझं मत सरळ आहे: चालू नये. सोंडेने उतरायचं की घळीतून, हे ठरवण्यातच निम्मी शर्यत असते. ते घड्याळावर सोपवलं तर उरतात नुसत्या मांड्या. फोन मात्र सीलबंद पिशवीत असावा. पाय मोडला तर फोडायचा, आणि फोडला की शर्यतीतून बाद.

हाच नियम नाशकात आणावा का, इथे मात्र मी अडखळते. त्यांच्याकडे १:२५,००० चे, जास्त बारकाव्याचे नकाशे सहज मिळतात. आपला सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा १:५०,००० चा, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये अर्धा किलोमीटर, आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीच्या अंतराने. पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होतो. सह्याद्रीत असे टप्पे पावलोपावली. ढोरवाटा तर त्यावर नाहीतच, आणि पावसाळ्यात कारवी वाढली की जमिनीवरही बुजतात. त्या फक्त गुराख्यांना ठाऊक. मग गुराख्याला वाट विचारणं बाहेरची मदत धरायची का? धरली, तर मी केव्हाच बाद.

सध्या रविवारी पांडवलेण्यामागच्या डोंगरावर सराव करते, घड्याळावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावून. परवा दोनदा चुकले आणि भलत्याच बाजूला उतरले. भाचा पार्किंगमध्ये पाऊण तास ताटकळला.