चिखलदऱ्याला जा, पण रात्री थांबा

आमच्या दर्यापूर-अंजनगाव साइडच्या लोकांचं चिखलदरा म्हणजे ठरलेलं असते. सकाळी डबे बांधून निघायचं, परतवाड्यात चहा-आलूबोंडा, वर गेल्यावर भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगडाच्या दरवाजात फोटो, भाजलेलं कणीस, रबडी, अन् अंधार पडायच्या आत घाट उतरून खाली. पोट्टे गाडीत झोपलेले, कोणीतरी घाटात उलटी केलेली. आमच्या वावरातून आभाळ मोकळं असलं की उत्तरेला तो पहाड रोज दिसते, पण त्याच्यावर रात्र काढलेला माणूस गावात शोधावा लागते.

तर या डिसेंबरात आम्ही राहिलो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन लेकरं. हॉटेल नाही, चिखलदऱ्याच्या पुढं सेमाडोहकडे उतरताना मेन रोडपासून आत एक ढाणा, म्हणजे कोरकू आदिवासींची वस्ती आहे, तिथल्या एका कोरकू कुटुंबानं घराला लागूनच एक खोली पाहुण्यांसाठी बांधली आहे. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकानं नंबर दिला होता. सासूबाईंना सांगितलं तर पहिला प्रश्न, "झोपडीत राहाले पैसे देऊन कायले जायचं? आपला गुरांचा कोठा काय वाईट हाय?" सासरे मात्र बोलण्याआधीच स्वेटर शोधायला लागले होते.

खोली खरंच साधी. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्याच्यावर माती-शेणाचा लेप, वर कवेलू, खाली सारवलेलं. दोन बाजा, बाकीच्यांना जमिनीवर सतरंजी अन् वाकळी. लाइट होता पण येऊन-जाऊन. नेटवर्क नाही, म्हणजे खोलीमागच्या चढावर जाऊन हात वर केला तर एक दांडी यायची, ते काम मुलीनं स्वतःकडे घेतलं होतं. कोरकूंच्या गावात घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूनं समोरासमोर ओळीत असतात, त्यामुळे आम्ही दारात बसलो की अख्खा ढाणा आमच्याकडे पाहत होता अन् आम्ही त्यांच्याकडे. अर्ध्या तासात मुलगा तिथल्या पोट्ट्यांसोबत टायर पळवत होता, भाषा दोघांची वेगळी, त्यांचं आपसात कोरकू अन् आपल्याशी हिंदी, पण टायरला काय भाषा लागते.

आता मेन गोष्ट. पाणी. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक, पूर्णेच्या काठचे, आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ आला तरी हंडे भरून ठेवायची सवय जात नाही. सासूबाईंनी हातपंपाचं पाणी ओंजळीत घेतलं, पहिला घोट घेतला, मग दुसरा, मग काही न बोलता गडवा भरून आणला अन् सगळ्यांना जबरदस्ती पाजला. पण त्यांचं खरं मन बसलं ते संध्याकाळी. त्या घरच्या वहिनीनं चुलीवर तुरीची डाळ चढवली होती, अन् ती इतक्या लवकर शिजली की सासूबाई पातेल्यात डोकावून बोटानं दाणा दाबून पाहत होत्या. "काही टाकलं काय हो याच्यात?" वहिनी हसली, "कुछ नहीं माई, पानी है।" आमच्याकडे सोडा टाकल्याशिवाय दाय शिजते कुठं! मग दोघींचं चुलीपाशी जे जमलं ते जेवणापर्यंत उठल्याच नाहीत. जेवायला कुटकीचा, म्हणजे एका भरडधान्याचा भात, ती डाळ, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. कुटकीचा भात पहिल्यांदाच खाल्ला, बारीक दाणा, जरा कोरडा वाटते पण डाळ ओतली की ती पिऊन टाकते. आम्ही वावरातल्या तुरीच्या शेंगा नेल्या होत्या पोतडीभर, त्या मीठ घालून उकडल्या अन् शेजारच्या घरांतही गेल्या.

जेवण झाल्यावर टीव्ही नाही, मोबाइल नाही, तर सासऱ्यांनी गाविलगड काढला. डिसेंबरच होता म्हणून त्यांना चेवच आला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, आर्थर वेलस्ली होता सेनापती, तोच पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. किल्ला पडला तसा दोन दिवसांत भोसल्यांनी देवगावचा तह केला अन् ३० डिसेंबरला शिंद्यांचा तह झाला तो आपल्या सुर्जी-अंजनगावला. मुलगा म्हणे, "म्हणजे जिथं आपण किराणा घ्यायला जातो तिथं?" हाव, तिथंच. शाळेत हे शिकवलं तेव्हा त्याला झोप आली होती म्हणे, इथं मात्र वाकळीत बसून ऐकत होता. मेळघाट १९७३ ला सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक, हे मीपण सांगून पाहिलं, पण वाघाचं नाव काढल्यावर मुलगी दाराला कडी आहे का पाहून आली, म्हणून विषय बदलला.

थंडीचं सांगते. उंचीत हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, आमचं गाव तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या घरात, म्हणजे कागदावर पाचेक अंशाचा फरक. पण ढाणा खोलगट जागेत होता, अन् रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते अन् खोलगटात साचते, त्यामुळे वरच्या पॉइंटपेक्षा इथंच जास्त गारठा. सासूबाईंनी शेगडी आत मागितली. त्या घरच्या भाऊंनी निखारे दिले, आम्ही हात शेकले, पण झोपायच्या वेळी ते स्वतः येऊन शेगडी बाहेर घेऊन गेले. बंद खोलीत निखारे ठेवून झोपायचं नाही, विषारी वायू साचते अन् कळतही नाही, ते बरोबरच होते. कवेलूच्या फटीतून हवा येते म्हणून चालते असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

संडास पक्का बांधलेला होता पण खोलीपासून जरा दूर. रात्री अस्वल फिरते म्हणून एकट्यानं जायचं नाही ही भाऊंची ताकीद. मग काय, रात्री मुलीला जायचं होतं तर सहाच्या सहा जण टॉर्च घेऊन वरातीसारखे निघालो, सासरे पुढं काठी आपटत, अन् सासूबाई मागून "हळू चाला, हळू चाला". तिथं उभं असताना वर पाहिलं. इतकं खच्चून भरलेलं आभाळ लेकरांनी पाहिलंच नव्हतं, मुलगी ज्या कामाला आली होती ते विसरूनच गेली, तिला आठवण करून द्यावी लागली.

जाणार असाल तर सांगते, लोकरीचे मोजे जास्तीचे घ्या, टॉर्चचे सेल नवे टाका, गोळ्या-औषधं सोबत ठेवा कारण जवळ दवाखाना नाही, अन् बिस्लेरीच्या पेट्या नेऊ नका, बाटल्या तिथंच पडून राहतात. वेळ नसेल तर दोन पॉइंट कमी पाहा, काही बिघडत नाही.

घरी येताना गाडीच्या डिक्कीत सासूबाईंनी दोन कॅन पाणी भरून आणलं. त्यावर घरी डाळ शिजवून भिशीच्या बायांना जेवायला बोलावलं, अन् आता त्या सगळ्या माझ्याकडून नंबर मागत आहेत. मोहाच्या दिवसांत जायचं म्हणतात, अन् सासूबाईंची अट आहे की यावेळी कॅन प्रत्येकीनं आपापले आणायचे.