तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी माणसं कशी होती?

नगरसेवकपद सुटलं, पण एक प्रश्न काही पाठ सोडत नाही. लग्नाच्या मांडवात असो की वाशीच्या एखाद्या कार्यक्रमात, कोणीतरी खुर्ची जवळ ओढतं आणि विचारतं, "तुम्ही एवढी मोठी माणसं पाहिलीत. त्यांच्यात असं वेगळं काय होतं हो?" विचारणाऱ्याला किस्सा हवा असतो. कोणी कोणाला भर सभेत कसं गप्प केलं, असलं काहीतरी. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मला त्यांचे हिशेब आठवतात.

बहुतेकांना मी सभेतल्या सतरंजीवर बसूनच पाहिलंय, हे आधीच सांगतो. अमक्याच्या गाडीत फिरलो आणि तमक्याच्या ताटात जेवलो, असं सांगणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत.

सुरुवात आमच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांपासूनच. १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं. आमची भातशेतीही त्यातच गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जमिनीसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या, पाच जण गेले. ते आम्हाला पाठ आहे. दरवर्षी हुतात्मा दिनाला ऐकतो. लोकांना मोर्चाच्या पुढे चालणारे दि. बा. आठवतात. मला त्यांच्यातला वकील जास्त मोठा वाटतो.

नुसता भाव वाढवून घेतला असता तर पैसे आले असते आणि दोन लग्नांत, एका स्लॅबमध्ये संपले असते. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित जमिनीचा वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी लागून राहिली आणि १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली. एकराचे ४० गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले पावणेचार टक्के रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. म्हणजे साडेबारा फक्त तोंडाने म्हणायचं. हातात येतात पावणेनऊ टक्के, एकरामागे साडेतीन गुंठे. गावातली शाळेची पायरी न चढलेली माणसंसुद्धा ओट्यावर बसून हा हिशेब तोंडी करायची. चळवळीनं त्यांना घोषणा दिल्या, तसा भागाकारही शिकवला. पुढे दि. बा. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) सोडून शिवसेनेत गेले. ते मला आजही पटलेलं नाही. पण त्यांनी मिळवून दिलेल्या जमिनीचा हिशेब त्यामुळे कमी होत नाही.

रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० ला ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्यांचा पक्ष माझा नव्हता. पण आपण वर्षभर काय केलं याचा अहवाल ते मतदारांसमोर ठेवायचे, ही गोष्ट डोक्यात बसली होती. निवडून आल्यावर मीही वॉर्डाचा चार पानी अहवाल छापला आणि घरोघर वाटला. तर गावातले एक म्हातारे काका कानाला पेन्सिल लावून दारात हजर. "बाला, गटार दोनशे फूट लिवलंस. तू मोजलंस का ठेकेदारानं सांगितलं?" मग दोघं टेप घेऊन गेलो. गटार भरलं एकशे ऐंशी. बिल निघायचं बाकी होतं म्हणून वाचलो. त्यानंतर ठेकेदार माझ्याशी जरा अदबीनं वागू लागला, काकांशी तर फारच.

मृणालताई गोरेंबद्दल सगळे 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा सांगतात (दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी) आणि थांबतात. त्या १९६१ ला मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या आणि नळाला पाणी का येत नाही या प्रश्नावर वर्षानुवर्षं ठाण मांडून राहिल्या. वॉर्डाच्या कामाला खालचं काम समजणाऱ्यांना मी त्यांचं उदाहरण देतो. तसंच सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं. अकरा वेळा आमदार झाले, एसटीनं फिरायचे, हे कौतुक सांगून सांगून गुळगुळीत झालंय. त्यांनी सहकारी सूतगिरणी नीट चालवून दाखवली, त्याबद्दल कोणी विचारत नाही. चालू गिरणीत किस्सा कुठला सापडणार!

ठाण्याचे शिवसेना जिल्हाप्रमुख आनंद दिघेंचं गणित निराळं. ते कधी निवडणुकीला उभेच राहिले नाहीत, तरी २००१ मध्ये जाईपर्यंत ठाण्यातली माणसं गाऱ्हाणं घेऊन आधी टेंभी नाक्यावर त्यांच्याकडे जायची, मग सरकारी कचेरीत. माणसाचं काम तिथल्या तिथे व्हायचं, हे मान्य. पण एका माणसाच्या शब्दावर चालणारी व्यवस्था त्या माणसाबरोबर जाते, आणि मागे उरतात त्याच्यासारखं बोलणारे. हे मी ठाण्यात बोललो की चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. चालू दे.

आता नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून आमच्याकडे मोर्चे निघाले, मानवी साखळी झाली. मीही उन्हात उभा होतो, आणि नाव लागलंच पाहिजे या मताचा आहे. मात्र साडेबाराची आणि गावकऱ्यांनी गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेल्या घरांची अडलेली प्रकरणं घेऊन लोक अजूनही माझ्याकडे येतात. त्यांना मी दि. बां.ची आठवण सांगत बसत नाही. आधी सातबारा, भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत आणि वारस दाखला आणलाय का ते विचारतो. निम्म्यांचा वारस दाखला नसतो.