स्पीकर नसल्याचा परवाना

डबल बास शिकवणारा छोटा महोत्सव आमच्या तालुक्याच्या गावी भरवायचा, असं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं. मुंबई-पुण्याचे शिक्षक तयार झाले, वाद्यं टेम्पोतून आली, मुलं शाळांतून मिळाली. लातूर जिल्ह्यात हे वाद्य कोण शिकणार, असं विचारणारेच आधी नाव नोंदवून गेले. अडलं ते हॉलच्या बुकिंगला.

अर्जासोबतच्या कागदांच्या यादीत ‘ध्वनिक्षेपक परवाना’ होता. आमच्याकडे ध्वनिक्षेपकच नव्हता. माणसाएवढं उंच लाकडी वाद्य, चार तारा, गजानं नाहीतर बोटांनी वाजवायचं. वीज लागतच नाही. हे सांगितल्यावर लिपिक म्हणाले, "मॅडम, गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम हाय ना? मग परवाना लागतोच."

पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी अर्ज उलटापालटा करून विचारलं, "स्पीकर किती?"
"एकही नाही."
"मग परवाना कशाचा देऊ?"
तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, "नसलेल्या वस्तूचं कसं लिहून द्यायचं, ताई?"

परत हॉलच्या कार्यालयात. यावेळी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची प्रत घेऊन. लेखी परवानगी लाउडस्पीकरला लागते. वाद्यांवर बंधन आहे ते रात्री दहा ते सकाळी सहा, आणि त्यातूनही बंदिस्त सभागृहाला सूट आहे. आमचे वर्ग सकाळी नऊला सुरू होणार होते. लिपिकांनी कागदाला हात लावला नाही. "नियम वर पाठवा, इथं यादी चालती."

मग वाद्य कसं असतं ते मोबाईलवर ऐकवायला गेले. सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला बोलते. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून ती धड येईचना. "आवाजच येईना, मग शिकवणार काय?" एवढ्यात खिडकीखालून वरातीचा डीजे गेला आणि काचा थरथरल्या. त्याच्याकडे परवाना असेल बहुतेक.

माझा संताप बघून शेजारच्या निवृत्त नायब तहसीलदार काकांनी युक्ती सांगितली. "परवानगी मागूच नको. माहिती दे." ठाण्याच्या नावे पत्र लिहिलं: अमुक तारखेला, अमुक हॉलमध्ये वर्ग आहेत, ध्वनिक्षेपक वापरणार नाही. दोन प्रती. एक आवक विभागात दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. लिपिकांनी शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला, पत्र न वाचताच अर्जाला टाचलं आणि पावती फाडली. इतकी चीड आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता. तेव्हा कुठल्याही कार्यालयात तोंडी बोलत बसू नका. आधी आवक शिक्का घ्या.

हॉल तळमजल्यावरचाच बघा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. जिन्याच्या वळणावर हे वाद्य नेताना भलेभले रडकुंडीला येतात. मोठी माणसंही बहुधा तीन-चतुर्थांश मापाचंच वाजवतात. लहान मुलांसाठी पाव मापाचं किंवा त्याहून छोटं आहे का, ते शिक्षकांना आधीच विचारा. हॉलची अनामत परत घ्यायला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही.

आणि आमच्याकडचा उन्हाळा. बंद टेम्पोत वाद्य ठेवू नका, लाकूड आटून सांधे उकलतात. प्रवासासाठी चारही तारा एकदम सैल करू नका. आत साउंडपोस्ट नावाची काठी उभी असते, ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच टिकते. पडली तर परत बसवणारा आपल्याकडे शोधावा लागेल. गजाला लावायची राळ, म्हणजे रोझिनही सोबत आणा. डबल बासचं रोझिन व्हायोलिनच्या रोझिनपेक्षा मऊ आणि चिकट असतं, त्यामुळे मे महिन्यात डबी आडवी पडली तर ते वाहून पिशवीभर होतं.