भिंतीवरची कपबशी

विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्राथमिक चौकशा बहुधा अपुरे दप्तर आणि न झालेल्या ग्रामसभा यांच्याच असतात. परंतु ग्रामपंचायतीच्या निकालानंतर पराभूत पॅनेलने एका ग्रामसेवकाविरुद्ध केलेला अर्ज अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याची नेमणूक दुसऱ्या गावात होती. पत्नी मात्र राहत्या गावातून सदस्यपदी निवडून आली होती. राहत्या घराच्या भिंतीवर तिचे चिन्ह, कपबशी, रंगवलेले आहे आणि त्याच्या मोटारसायकलवरही तेच चिकटवलेले आहे, अशी तक्रार होती.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, मग राजकारण आले कुठे, असे त्या ग्रामसेवकाचे, म्हणजे भाऊसाहेबांचे, म्हणणे पडले. ते टिकणारे नव्हते. ग्रामसेवकाला लागू असणारे महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, 1967 पक्षाशी संबंध ठेवण्यास मनाई करतात आणि स्थानिक प्राधिकरणाच्या निवडणुकीत प्रचार करण्यासही वेगळी मनाई करतात. अंगावर, वाहनावर किंवा निवासस्थानी निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत आपले वजन वापरणे, असेही स्पष्टीकरण त्यांत आहे. मोटारसायकलच्या टाकीवरील कपबशीचा अर्धवट खरवडलेला कागद मी पंचनाम्यात घेतला, तेव्हा भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

भिंतीपाशी मात्र गाडे अडले. नमुना 8 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर घर पत्नीच्या नावे होते. "साहेब, उमेदवार मी, घर माझं. रंग द्यायला यांची परवानगी काढायची होती का?" असे त्या जबाबात म्हणाल्या, आणि मी ते शब्दशः लिहून घेतले. नियमात 'निवासस्थान' आहे, मालकी नाही. पण घरातील बाईलाही राजकारण करण्याचा स्वतंत्र हक्क असू शकतो, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावे.

मी भाऊसाहेबांना विचारावेत अशा प्रश्नांची यादीच तक्रारदारांनी आणली होती. "पत्नीला मत दिले काय?" हा त्यातील पहिला प्रश्न मी खोडला, कारण कर्मचाऱ्याला मतदानाचा हक्क असला तरी आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास हेच नियम त्याला मज्जाव करतात. प्रश्नाचे उत्तर देणे हाच भंग ठरला असता. तक्रारदारांना यात माझा पक्षपात दिसला. गावात ग्रामसेवकाचे खरे वजन थकबाकी नसल्याच्या दाखल्यात आणि घरकुलाच्या यादीत असते, परंतु त्यांविषयी अर्जात चकार शब्द नव्हता; स्टिकर दिसते, म्हणून तक्रार स्टिकरचीच होते.

वाहनाबाबत नियमभंग सिद्ध, भिंतीबाबत जबाबदारी कर्मचाऱ्यावर निश्चित करता येत नाही, असा अहवाल मी दिला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो 'स्वयंस्पष्ट अभिप्रायासह फेरसादर करावा' असा शेरा मारून परत पाठवला, म्हणजे भिंतीचा निर्णय त्यांनाही नको होता. मी उताऱ्याची प्रत जोडून तोच अभिप्राय पुन्हा पाठवला आहे.